कोकणातल्या अंगणासाठी पुढची ईव्ही

टाटांची पुढची स्वस्त ईव्ही (विजेवर चालणारी गाडी) कशी असावी, या चर्चेत एकांनी लिहिलंय की ती त्यांच्या छोट्या टियागोहूनही लहान, दोन सीटची असावी. स्वस्त हवीच, पण दोन सीट नकोत. मे महिन्यात आम्ही मागची सीट पाडून आंब्याच्या पेट्या भरतो. सीट सपाट पडली नाही की वरची पेटी कलंडते.

मला सगळ्यात जास्त हवी आहे ती गाडीच्या बॅटरीवर घरातली उपकरणं चालवायची सोय. टाटांच्याच २०२३ च्या नेक्सॉन ईव्हीत ती आली, आता छोट्या गाडीतही येऊ दे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. विहिरीत पाणी होतं, पण पंप बंद. सकाळ-संध्याकाळ रहाट ओढून तळहात सोलवटले. आईचं इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलं होतं. अंगणात चार्ज केलेली गाडी असती तर निदान फ्रिज चालला असता!

आणि गंज. घर समुद्रापासून हाकेवर, स्कूटरच्या नटांवर दुसऱ्याच पावसाळ्यात तांबूस पापुद्रे आले. टचस्क्रीन लहान द्या, पण तळाचे बोल्ट आणि चार्जिंगच्या झाकणाची स्प्रिंग खाऱ्या हवेत टिकणारी द्या.