मदत हवी आहे: १९६६चा अली की १९८८चा टायसन?

मंडळी, पार्क चौकात चहावर पेटलेला वाद मिटेना: हे दोन बॉक्सर आपापल्या भरात समोरासमोर आले असते तर जिंकलं कोण असतं? जरा मदत करा. मी अलीच्या बाजूने. १९६६ मध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला त्याने तिसऱ्याच फेरीत संपवलं. ते पाय, तो जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा)! मित्र म्हणतो, "टायसननं स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं बे, नाचायला वेळ कुठाय?"

मला धास्ती वेगळीच. १९७१ मध्ये फ्रेझियरनं खाली वाकत, आत शिरत डाव्या हुकनं (बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं) अलीला पाडलं होतं. टायसनही तसाच घुसतो, वर हात जास्त चपळ. आणि फेऱ्या किती धरायच्या, १५ की १२? सहावीनंतर टायसन ढेपाळेल असं मला वाटतं. जाणकारांनी कारणासह सांगा, पैज अर्धा किलो शेंगाचटणीची आहे. जुना विजेता रॉकी मार्सियानोच सगळ्यांत भारी म्हणणाऱ्यांनी कृपया थांबावं, तो वाद वेगळा.