कालच्या फोटोत पिंट्याच्या पाठीवर काय आहे?

वहिनी: काल रात्री जो फोटो आलाय त्यात पिंटू भाऊजींच्या पाठीवर जे आहे ते आपल्या स्कूबाच्या सामायिक पेटीतलं आहे का? असेल तर कोणाला विचारून नेलं? मी शांतपणे विचारतेय

वहिनी: आणि सिलिंडरला रजई गुंडाळल्यासारखी ती विंग, पाठीवरची हवेची पिशवी, दोन्ही बाजूंनी वर आलीय, ती तशीच असते का? मला त्यातलं कळत नाही, मी हवा भरायच्या जॅकेटवाली

पिंट्या: वहिनी काकांना विचारून नेली

धाकटे काका: मी "बघ" म्हणालो होतो. "ने" म्हणालो नव्हतो

पिंट्या: काका तुम्ही मेसेजला अंगठा टाकलात

धाकटे काका: अंगठा म्हणजे वाचलं

दादा: झालं सुरू

सोनू: फोटो झूम करून बघितला. मामा ही तुमची जुळ्या सिलिंडरची विंग आहे ना, ती २७ किलो लिफ्टवाली, म्हणजे पाण्यात तेवढं वजन उचलणारी?? एका सिलिंडरवर लावलीय त्याने?

धाकटे काका: तीच. हॉर्सशू, घोड्याच्या नालासारखी. नवीकोरी ठेवली होती मी

पिंट्या: लिफ्ट जास्त तर सेफ्टी जास्त, दादाच म्हणालेला

दादा: मी जॅकेटबद्दल बोलत होतो आणि तेसुद्धा बोटीवरचं झाल्यानंतर

वहिनी: बोटीवरचं इथे नको

मोठी आत्या: लिफ्ट नंतर. आधी वजनाचा हिशोब. पिंट्या, सूट किती जाड, सिलिंडर कुठलं, पाठीची प्लेट कुठली, बुडायला शिसं किती. चार गोष्टी लिही मग बोलू

छकुली: जांभळ्या रंगात मिळते का विंग? मला जांभळी हवीय

दादा: तुझा ओपन वॉटर, तो पहिला कोर्स, पूर्ण होऊ दे आधी

छकुली: रंगाला सर्टिफिकेट लागतं का

सोनू: पिंट्या ऐक, जुळ्या सिलिंडरची विंग मधे रुंद असते कारण तिला दोन सिलिंडरच्या बाहेरून यायचं असतं. एका सिलिंडरला लावली की मधला सगळा भाग मोकळा राहतो, मग हवा भरली की कडा वर येऊन सिलिंडरला बिलगतात आणि तुझी हवा तिथे वर जाऊन बसते. डम्प म्हणजे हवा सोडायचा व्हॉल्व्ह ओढला तरी पटकन निघत नाही, ओढ वाढते ते वेगळंच. एका सिलिंडरला १२ ते १८ किलोच्या दरम्यानची विंग घेतात लोक, २७ चा संबंधच नाही

पिंट्या: पण तरंगत तर होतो ना

सोनू: तरंगायला लाकडाचा ओंडका पण तरंगतो

धाकटे काका: हॉर्सशूला नावं ठेवू नका, आम्ही त्यातच शिकलो

सोनू: मामा नावं नाही ठेवत, पण हॉर्सशूमध्ये खाली जोड नसतो ना, हवा एका बाजूला गेली की तिथेच अडकते, अंग कलवून वरून दुसरीकडे न्यावी लागते. डोनट म्हणजे गोल विंग, तिच्यात हवा गोल फिरते, डाव्या कमरेवरच्या डम्पने आडवं असतानाच सगळी निघते

धाकटे काका: कलवायला येत नसेल तर डाइव्ह कशाला करायचं

सोनू: बरं

नाना: 🎤 व्हॉइस नोट (४:१२)

मोठी आत्या: नाना टाइप करा, मी ऑफिसात आहे

नाना: बेबी मी इतकंच म्हणत होतो की आमच्याकडे गळ्यात घालायची हवेची पिशवी होती फेंझींच्या पेटंटची १९६१ ची तऱ्हा ती फुगवली की माणूस बेशुद्ध असला तरी तोंड आकाशाकडे राहायचं आता तुम्ही सगळी हवा पाठीला लावता आणि तोंड पाण्यात मग म्हणता प्रगती

वहिनी: नाना अगदी हेच मला म्हणायचं होतं!! मी एकदा बॅक इन्फ्लेट, ते पाठीला हवा भरणारं, घालून बघितलंय, वर आल्यावर सारखं पुढे ढकलत होतं

सोनू: वहिनी ते होतं पण त्यात दोन गोष्टी असतात, एक म्हणजे वर आल्यावर माणूस घाबरून विंग गच्च भरतो, तेवढी लागत नाही, हनुवटी पाण्याबाहेर आली की बास आणि किंचित मागे रेलायचं. दुसरं म्हणजे क्रॉच स्ट्रॅप, मांड्यांमधून जाणारा पट्टा, तो नसला की प्लेट वर सरकते आणि मग डोकं पुढे जातं. बेशुद्ध माणसाबद्दल नाना बरोबर आहेत, कुठलीच विंग तोंड वर ठेवेल याची खात्री देत नाही. पण आजकालचं जॅकेट पण नाही देत, त्याला बडी म्हणजे जोडीदार लागतो

दादा: बडी म्हणजे पिंट्याचा बडी का, तो जो फोटो काढत होता

पिंट्या: दादा 😐

वहिनी: क्रॉच स्ट्रॅपवरून ह्यांनी जे जोक केले होते ते इथे परत करू नयेत, छकुली ग्रुपवर आहे

छकुली: मला माहितीयत ते

मोठी आत्या: लिफ्ट नंतर. आधी वजनाचा हिशोब. पिंट्या चार गोष्टी अजून आल्या नाहीत

पिंट्या: आत्या लिहितोय थांब

धाकटे काका: आता विषय निघालाच आहे तर विचारतो, रेग्युलेटरच्या सर्व्हिसिंगची पाळी कोणाची होती? दुसऱ्या सेटचा सेकंड स्टेज, तो तोंडात धरायचा भाग, फ्रीफ्लो होतोय, हवा आपोआप सुटतेय

दादा: काका ती पाळी तुमची होती

धाकटे काका: मी मागच्या वेळी केली

दादा: मागच्या वेळी तुम्ही माउथपीस बदलला. त्याला सर्व्हिसिंग म्हणत नाहीत

धाकटे काका: हा मेसेज डिलीट केला आहे

दादा: वाचला मी

पिंट्या: हे घ्या. सूट ५ मिमी. सिलिंडर अ‍ॅल्युमिनियम ११ लिटर. प्लेट स्टील. शिसं ८ किलो बेल्टला, जॅकेट होतं तेव्हा पण ८ च होतं

मोठी आत्या: आता पण तेवढंच??

सोनू: तेवढंच?? अरे स्टीलची प्लेट स्वतःच पावणेतीन किलोच्या आसपास असते. पाण्यात तिचं अडीचएक धर. शिवाय जॅकेटचं फोम वर ओढत होतं ते आता नाही. म्हणजे तीन किलो तरी जास्तीचं घेऊन गेलास आणि ते उचलायला विंगमध्ये तीन लिटर हवा जास्त. शिसं कमरेला, हवा छातीला, म्हणून फोटोत तुझे पाय खाली आहेत

पिंट्या: पाय खाली आहेत कारण मी पोझ देत होतो

वहिनी: 😂

दादा: माझं स्पष्ट मत, त्याला दोन ब्लॅडरवाली, आत दोन पिशव्या असलेली, विंग घ्यावी. एक फाटली तर दुसरी. आपल्याकडे एक प्रसंग झालेला आहे आणि मी त्यातून काही शिकलोय, बाकीच्यांचं माहीत नाही

सोनू: दादा एका अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरला दोन ब्लॅडर म्हणजे हवा भरायचे दोन इन्फ्लेटर, दोन होज. दुसऱ्यात हळूहळू हवा शिरायला लागली तर वर जाताना कळणार नाही कुठली सोडायची. वजन बरोबर असेल तर विंग फाटली तरी पाय मारून वर येता येतं, तोच बॅकअप

धाकटे काका: हे एका सिलिंडरला ठीक. स्टीलची जुळी आणि वेटसूट असेल तर दुसरा काहीतरी आधार लागतोच, तुमच्या ड्रायसूटवाल्यांना सूटमध्ये हवा भरता येते म्हणून तुम्ही बोलता

सोनू: जुळ्यांबद्दल मान्य

दादा: म्हणजे मी म्हणालो की चूक आणि काका म्हणाले की मान्य. छान

मोठी आत्या: लिफ्ट नंतर. आधी वजनाचा हिशोब. आता मी करते, मधे कोणी बोलू नका

मोठी आत्या: पिंट्या, ११ लिटर २०० बारला भरलं की आत पावणेतीन किलोच्या आसपास हवा असते. खरंच वजन असतं तिला. डाइव्हच्या सुरुवातीला ते वजन तुझ्या पाठीवर, शेवटी नाही. अ‍ॅल्युमिनियमचं भरलेलं असताना पाऊण किलोभर बुडतं आणि रिकामं झालं की दोनएक किलोने वर ओढतं. म्हणून शिसं ठरवायचं ते शेवटचं बघून, सिलिंडर जवळपास रिकामं, विंग पूर्ण रिकामी, ५ मीटरवर साधा श्वास घेत थांबता आलं पाहिजे. त्याहून एक किलो जास्त नको

मोठी आत्या: आता सूट. निओप्रीनमधल्या बुडबुड्यांमुळे तो तरंगतो. १० मीटरवर दाब दुप्पट, ३० वर चौपट, सूट दबतो आणि त्याची तरंग जाते. गेलेली तरंग अधिक हवेचं वजन, एवढं विंगने उचलायचं. तुझा सूट पाच किलो तरंगतो असं धरलं आणि ते सगळेच्या सगळे गेले असं धरलं तरी पाच आणि पावणेतीन, आठ किलोच्या आत

छकुली: मग २७ कशाला

मोठी आत्या: मधे बोलू नका म्हटलं ना

मोठी आत्या: दुसरी तपासणी. पाण्यावर आल्यावर सेट अंगातून काढला तर तो एकटा तरंगला पाहिजे. प्लेटचे अडीच, रेग्युलेटरचं किलो सव्वा किलो, भरलेल्या सिलिंडरचं पाऊण, साडेचार झाले. उद्या शिसं सेटवर लावलंस तर ते यात मिळवायचं. पाच किलो लावलं तरी दहाच्या खाली. १३-१४ किलोची डोनट पुरून उरते. संपला विषय

पिंट्या: बरं झालं शिसं सेटवर लावायचंच होतं मला, बेल्ट टोचतो. कॅम बँडला, सिलिंडर बांधायच्या पट्ट्याला, पॉकेट लावून सगळं तिकडे टाकतो

सोनू: सगळं नको!! ३० मीटरला सुरुवातीलाच विंग गेली तर सूट दबलेला, सिलिंडर भरलेलं, सहासात किलो पाय मारून वर आणायचेत तुला. थोडं तरी सोडता येण्यासारखं ठेव. बेल्टवर ठेव नाहीतर सुटणारं पॉकेट घे

धाकटे काका: सोनूशी सहमत. एकदाच म्हणतोय

दादा: मग पूलमध्ये चेक करून टाका, आकडा मिळाला की झालं

मोठी आत्या: पूलचा आकडा समुद्रात चालत नाही. खारं पाणी अडीच टक्के जड असतं. माणूस आणि सामान मिळून १०० किलो भरत असेल तर समुद्रात अडीच किलो जास्त लागतं. पूलमध्ये ट्रिम म्हणजे आडवं राहता येतं का ते बघा, हार्नेस म्हणजे पट्टे बघा, शिसं समुद्रात ठरवा

वहिनी: हार्नेसचं पण बघाच, फोटोत खांद्याचे पट्टे मांसात रुतलेत, बघूनच मला त्रास झाला

पिंट्या: टाइट म्हणजे फिट ना

सोनू: नाही रे बाबा. वेबिंग एकच अखंड पट्टा असतो, खांद्याला बकल नाही, त्यामुळे काढताना हात बाहेर निघेल एवढा सैल हवा. पट्ट्याखालून मूठ गेली पाहिजे. सेटला जागेवर धरतात कमरेचा पट्टा आणि क्रॉच स्ट्रॅप, खांदे नाहीत. आणि सूट घालूनच मापं घ्यायची, टीशर्टवर घेतलेली माप सूटवर घट्ट होतात. प्लेट पण तुझी खाली आहे, हात मागे नेऊन प्लेटची वरची कड बोटांना लागली पाहिजे, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पण हाताला येतो. छातीच्या डी-रिंग बगलेच्या रेषेत घे

दादा: खांद्याला क्विक रिलीज असलेलं घ्यावं, रेस्क्यूत पटकन निघतं

सोनू: रेस्क्यूत वेबिंग कापतात, त्यासाठीच कटर असतो. प्लास्टिक बकल बोटीवर कोणाचा पाय पडून तुटलं की डाइव्ह गेला

वहिनी: माझा खांदा दुखरा आहे, मला बिनबकलाचं काढताच येणार नाही. सगळ्यांना एकच नियम कसा लागू होईल?

सोनू: हो वहिनी दुखऱ्या खांद्याला बकल घ्यावंच. मी पिंट्यापुरतं बोलत होते

दादा: तेच मी पण म्हणालो होतो

नाना: हा साधा पट्टा आणि प्लेट कुठून आलं ते कोणी सांगेल का मला कोणी विचारत नाही पण मी विचारतो

सोनू: नाना फ्लोरिडातल्या गुहांमध्ये डाइव्ह करणाऱ्यांकडून. १९७९ मध्ये ग्रेग फ्लॅनगननी तिथल्या लोकांसाठी प्लेट केली, पुढे बिल हॉगार्थ मेननी त्यातलं जास्तीचं सगळं काढून टाकलं. म्हणून अशा मांडणीला हॉगार्थियन म्हणतात

नाना: गुहेत आम्ही गेलो नसतो

धाकटे काका: नाना तुम्ही कुठे गेला नसतात ते सांगू नका, आम्हाला सगळं माहितीय 😄

पिंट्या: बरं मग डोनट १४ ची, स्टील प्लेट तीच ठेवतो, शिसं कमी करतो. बरोबर? विमानातून जाताना काय?

सोनू: विमानाला अ‍ॅल्युमिनियम प्लेट, किलोभर असते. तिकडे पातळ सूट घालशील तेव्हा तीच बरी. विंग तीच चालते, प्लेटवरच्या भोकांतलं अंतर ठरलेलं आहे, मध्यापासून मध्यापर्यंत २८ सेंटीमीटर, बहुतेकांचं जुळतं. फक्त एका सिलिंडरच्या विंगला कॅम बँडच्या खाचा आहेत का बघ, नसल्या तर मधे अ‍ॅडाप्टर लागतो आणि त्याचं वजन पण धरायचं

धाकटे काका: आणि माझी विंग परत ठेवताना आतून गोड्या पाण्याने धुवून, सगळं पाणी काढून, थोडी हवा भरून सावलीत टांगायची. डम्पची दोरी तुटलेली मिळाली तर मी सोडणार नाही

पिंट्या: दोरी आधीच तुटलेली होती, माझ्याकडे नेण्याआधीचा फोटो आहे

धाकटे काका: टाक फोटो

पिंट्या: शोधतोय

वहिनी: आजपासून पेटीतलं काहीही नेताना इथे लिहायचं. आणि त्यावर शब्दात उत्तर द्यायचं. काका हे तुम्हाला उद्देशून नाही

धाकटे काका: समजलं सूनबाई

मोठी आत्या: लिफ्ट नंतर. आधी वजनाचा हिशोब. सूटचे पाच किलो मी अंदाजाने धरले होते पिंट्या, ते मोजायला हवेत. जाळीच्या पिशवीत सूट घाल, पाण्याच्या टबात टाक आणि तो बुडेपर्यंत शिसं टाकत जा. मोजल्याशिवाय विंग ऑर्डर करायची नाही

पिंट्या: आता? रात्रीचे दहा वाजलेत

मोठी आत्या: टब चोवीस तास असतो

छकुली: पिंट्यादादू बाथरूममध्ये शिसं घेऊन गेलाय, आई ओरडतेय

पिंट्या: साडेसहा किलो आलं. पाच नाही, साडेसहा!! म्हणजे मोठी विंग लागणार ना मग??

सोनू: साडेसहा आणि पावणेतीन, सव्वानऊ. १४ तरी पुरतेच

मोठी आत्या: सूट आतून ओला केला होतास का? चेन लावलेली होती का?

पिंट्या: चेन लावली होती

मोठी आत्या: मग बाह्यांमध्ये हवा अडकलीय. चेन उघड, पाण्याखाली धरून दाब, बुडबुडे थांबले की परत मोज