भूलशास्त्र घ्यावं का? आत असलेल्यांनी सांगा

अजून_इंटर्न: इंटर्नशिप संपत आली, पीजीची शाखा ठरवायचीय. अ‍ॅनेस्थेशियाच्या पोस्टिंगपासून मन तिथेच अडकलंय. घरी सांगितलं तर पहिला प्रश्न, "म्हणजे तुझे स्वतःचे पेशंट नसणार?" मित्र म्हणतो, ओपीडी नाही, पेशंटचे फोन नाहीत, मजा आहे. तुम्ही लोकांनी ही शाखा का घेतली?

भूलवाली: आधी तुझ्या मित्राचं बघू. ऑपरेशनआधीची तपासणी आमचीच, पेन क्लिनिकही आमचंच. पेशंटचे फोन येत नाहीत, पण ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) येतो, तोही रात्री अडीचला. यादी सर्जनची, वेळही सर्जनची. पाचची केस आठला लागली की संध्याकाळ गेली. आरामासाठी आलेले पहिल्याच वर्षी कुरकुरायला लागतात.

मी का घेतली? मला फिजिऑलॉजी आणि फार्माकॉलॉजी मनापासून आवडायचं, आणि वॉर्डात गेल्यावर ते कुठे गायब झालं कळेना. गोळी सुरू करा, पंधरा दिवसांनी दाखवा. इथे कमरेत स्पायनल (मणक्यातलं भुलीचं इंजेक्शन) दिलं की रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या सिम्पथेटिक नसा बधिर होतात, रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. रक्तवाहिन्या आवळणारं फिनाइलएफ्रिन दिलं की मिनिटभरात वर येतं. धडा समोर मॉनिटरवर घडत असतो, आणि घडवणारे आपण.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. झोपवण्याआधी आम्ही पेशंटला तीनेक मिनिटं मास्कने ऑक्सिजन देतो. बघणाऱ्याला तो वेळकाढूपणा वाटतो. फुप्फुसात साधी हवा असताना श्वास थांबला, तर धडधाकट माणसाचाही ऑक्सिजन मिनिटभरात घसरायला लागतो. तिथला नायट्रोजन जाऊन ऑक्सिजन भरला असेल तर सात-आठ मिनिटं हाताशी राहतात. (गरोदर बाई, लहान मूल, स्थूल माणूस यांच्यात बरीच कमी.) भुलीच्या औषधांनी श्वास थांबल्यावर श्वासनलिकेत नळी पटकन गेली की ती मिनिटं वापरलीच जात नाहीत. नळी अडली तर लागणारं बूजी, एलएमए, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, सक्शन, सगळं उशाशी मांडायचं आणि बहुतेक वेळा न वापरता परत ठेवायचं. लागू नये म्हणूनच केलेली ही तयारी तुला रोज, न कंटाळता करावीशी वाटेल का? मला वाटते, म्हणून मी इथे आहे. भारी हुशार पण अधीर माणसं या शाखेत कुढतात.

घरच्यांचं म्हणणं मात्र खरं आहे. पेशंट आभार सर्जनचे मानतो. ते झोंबणार असेल तर येऊ नकोस.

रँकने_आलेला: मी काही ठरवून आलो नाही. हवी ती शाखा मिळाली नाही, ही मिळाली. सहा महिने तोंड पाडून होतो. अल्ट्रासाउंडखाली नर्व्ह ब्लॉक (हव्या त्या भागाच्या नसाच बधिर करणं) शिकलो आणि चित्र पालटलं. खांद्याच्या ऑपरेशननंतर पेशंट निवांत गप्पा मारताना दिसला की बरं वाटतं.

चाकूवाला: सर्जन म्हणून माझं एक ऐका. मला दबून राहणारा भूलतज्ज्ञ नको. रक्तस्राव हाताबाहेर चाललाय, थांब आणि पॅक कर (कापड दाबून रक्त अडव), असं तोंडावर सांगणारा हवा. पोटात डोकं घातलेल्या माणसाला बाकीचं शरीर दिसत नाही. हे बोलायची ताकद नसेल तर शाखा बदल.

अजून_इंटर्न: धन्यवाद. आयसीयूकडे वळता येतं का? आणि मॅडम, तोटे अजून असतील तर तेही सांगा.

भूलवाली: वळता येतं का म्हणजे? १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, श्वास बंद पडलेले पेशंट दगावू लागले. ब्यॉर्न इब्सेन हा भूलतज्ज्ञ म्हणाला, ओटीत करतो तेच इथे करू. श्वासनलिकेला छेद, त्यात नळी आणि हाताने पिशवी दाबणं. मेडिकलचे विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आजच्या आयसीयूचं मूळ तिथलंच. तेव्हा बिनधास्त वळ.

तोटा विचारलास तर, फेंटॅनिलसारखी अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामक औषधं आमच्या हाताखाली असतात. थकलेल्या, एकट्या पडलेल्या डॉक्टरांना त्यांचं व्यसन लागल्याची उदाहरणं जगभर आहेत. कॉलेज निवडताना तिथल्या रेसिडेंटना दोन प्रश्न विचार: रात्री सीनियर प्रत्यक्ष ओटीत येतात की फोनवरच सांगतात, आणि ड्यूटीनंतर खरंच सुट्टी मिळते का. सीट घेण्याआधी ही उत्तरं कळायला हवीत.