दुसरी, तिसरी, चौथी एकाच वर्गात: गणिताचं नियोजन कसं करता?

प्रश्न
माझ्याकडे तिन्ही इयत्ता एकत्र आहेत. भाषेचं निभतं, गोष्ट एकच घेतली तरी प्रत्येक मूल आपापल्या परीनं लिहितं. गणितात मात्र गाडी अडते. दुसरीला दशक समजावायला बसले की चौथीची मुलं वह्या घेऊन शेजारी उभी. तीन वेगळे पाठ काढले तर एकही धड होत नाही. घटक दोन वर्षांच्या चक्रात फिरवावेत का, म्हणजे सगळ्यांना मिळून काही घटक यंदा आणि बाकीचे पुढच्या वर्षी?

उत्तर
मॅडम, चक्र सरसकट नको. आकार, मोजमाप, चित्रालेख फिरवता येतात. लांबीआधी वजन शिकवलं तरी बिघडत नाही. संख्या आणि क्रियांचं तसं नाही. गुणाकार कच्चा असेल तर भागाकार नुसता पाठ होतो, समजत नाही. तिथे घटक सगळ्यांना एकच ठेवा आणि उदाहरणं वेगळी द्या.

हातच्याची वजाबाकी घ्या. दुसरीला ६२ − २७, तिसरीला ६०२ − ३२७, चौथीला ४००३ − १५६८. पहिली दहा मिनिटं सगळे एकत्र. दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडा. सात सुट्या द्यायच्या आहेत, काय करू? कोणीतरी गठ्ठा सोडायला सांगतंच. मग तिसरीकडे वळा: इथे दशकाच्या घरात शून्य आहे, आता कोणता गठ्ठा सोडणार? हा प्रश्न दुसरीतली मुलंही कान टवकारून ऐकतात.

नंतर गट करा, पण इयत्तेवरून नको, चुकीवरून. ६२ − २७ = ४५ लिहिणारं मूल सातातून दोन वजा करतंय, म्हणजे लहान अंक मोठ्यातून. ६०२ − ३२७ = ३२५ लिहिणाऱ्या तिसरीतल्या मुलाचीही तीच चूक. दोघांना काड्या घेऊन एकत्रच बसवा. इयत्ता बघून वेगळं बसवलं की ही गोष्ट नजरेतून सुटते, आणि ते मूल चौथीतही तसंच पुढे जातं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ही चूक वेळीच दिसली तर सुधारते.

आणि नियोजन लिहिताना आधी तुमच्याजवळ *नसलेल्या* गटाचं काम लिहा. ते आधी शिकलेल्याचा सरावच असावं. नवीन काही दिलंत की मुलं उठून तुमच्याकडे येणारच.

प्रश्नकर्ती
चुकीवरून गट हे डोक्यातच आलं नव्हतं. पण चौथीतल्या हुशार मुलांना लहानांना शिकवायला बसवलं तर? माझा बराच वेळ वाचेल.

दुसरं उत्तर
आमच्याकडे बसवतो. लहानांना ताई-दादाचं पटकन कळतं.

पहिल्याच सरांचं उत्तर
अधूनमधून जरूर, रोज नको. समजावून सांगताना त्या मुलाचं स्वतःचं पक्कं होतं, हे खरं. पण त्याचाही गणिताचा तास आहे, त्यालाही अडेल असं काहीतरी मिळायला हवं. त्याला ४००३ − १५६८ चं उत्तर २४३५ आलं, तर बेरीज करून पडताळायला सांगा. मग २४३५ च उत्तर येईल अशी दुसरी वजाबाकी बनवायला द्या, अट एकच: वरच्या संख्येत दोन शून्यं हवीत. आणि बसवलंच तर एक नियम घाला: उत्तर सांगायचं नाही, "आता कोणता गठ्ठा सोडशील?" एवढंच विचारायचं.