खानदेशी मांडवातला सिनेमा : आपले अनुभव लिहावेत

धागाप्रस्ताव

खानदेशात लग्नसराईचा भर उन्हाळ्यात असतो. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि तरीही त्याच दिवसांत उतरत्या उन्हात वरातीपुढे तास-दोन तास नाचणारी माणसे आपल्याकडे गावोगाव भेटतात. त्या नाचामागे गाणे असते आणि गाण्यामागे कधी मुंबईचा सिनेमा, कधी दूरदर्शन, तर अलीकडे यूट्यूब असते. बाहेरून आलेली कोणतीही करमणूक आपल्या मांडवात शिरली की आपली माणसे तिला वरण-बट्टीच्या पंगतीला बसवतात आणि ती उठते ती घरचीच होऊन, असे मला अनेक वर्षांपासून वाटत आले आहे. हे कसे घडते, ते प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून ऐकावे, यासाठी हा धागा आहे.

टीव्ही, व्हिडिओ, बँड, डीजे, मंगलाष्टकांच्या चाली, नाचणारी घोडी, लग्नाआधीची छायाचित्रे, यांपैकी कशाचाही स्वतः पाहिलेला प्रसंग लिहावा. कुटुंबांची नावे टाळावीत. गाव मात्र अवश्य सांगावे, कारण गाव कळले की प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. हल्ली सगळे बिघडले आहे, असे ज्यांचे मत असेल त्यांनीही आधी काय पाहिले ते लिहावे आणि मत नंतर मांडावे.

भुसावळ, निवृत्त रेल्वे कर्मचारी

दूरदर्शनवरचे ‘रामायण’ 25 जानेवारी 1987 रोजी सुरू झाले आणि 31 जुलै 1988 पर्यंत दर रविवारी सकाळी साडेनऊला लागत असे. त्या काळात आमच्या नात्यात रविवारी सकाळचा मुहूर्त काढायला कोणी धजावत नसे. माझ्या मावसभावाचे लग्न 1988 च्या मे महिन्यात रावेर तालुक्यातील एका गावी होते. मुहूर्त सायंकाळचा असला तरी वऱ्हाड सकाळीच पोहोचले आणि उतरल्या उतरल्या वरपक्षाने पहिला प्रश्न जानवशाचा नव्हे, तर टीव्ही कोणाकडे आहे हा विचारला.

टीव्ही वधूपित्याच्याच घरी होता, पण वीज गेलेली होती. तेव्हा नवरीच्या भावाने ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओट्यावर आणली आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा कृष्णधवल संच तिला जोडला. एक मुलगा धाब्यावर चढून अँटेना फिरवू लागला, खालून पन्नास जण त्याला दिशा सांगू लागले, आणि चित्र स्थिर होताच सगळ्यांनी पायांतल्या चपला काढल्या. भटजी पंचांग मांडीवर घेऊन पुढे बसले होते. नवरीच्या आजीने संचाला हळदकुंकू लावून नारळ फोडला आणि मांडवासाठी रंगवून ठेवलेल्या अक्षतांची पहिली मूठ नवरदेवाच्या आधी टीव्हीला वाहिली. नवरदेवही तिथेच सतरंजीवर बसला होता. त्या तासाभरात दोन्ही पक्षांचे मानपान, रुसवेफुगवे कोणाच्या मनातही आले नाहीत. एवढ्या शांततेत बसलेले वऱ्हाड मी पुढे कधीही पाहिले नाही.

धुळे, व्हिडिओ दुकानातील माजी संकलक

मी 1990 च्या दशकात धुळ्यातील एका दुकानात लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटींचे मिक्सिंग करत असे. नवरीचा चेहरा गुलाबात उमलला पाहिजे, नवरदेव चंद्रात दिसला पाहिजे आणि दोघे मिळून बदामात आले पाहिजेत, ही मागणी बहुतेक प्रत्येक घरातून येत असे. गाण्यांची यादी कुटुंबातील मुली वहीच्या पानावर लिहून आणत. हळदीला कोणते गाणे, सप्तपदीला कोणते आणि पाठवणीला कोणते, यावर दुकानातच वाद होत. पाठवणीच्या गाण्यावर ज्या कॅसेटमध्ये सगळ्या बायका रडताना दिसत, ती कॅसेट चांगली झाली असे मानले जाई. एका आत्याबाईंनी तर आपण अधिक रडलो होतो आणि ते कॅसेटमध्ये आलेलेच नाही, अशी तक्रार समोर बसून केली होती, आणि ती योग्यच होती. मूळ चित्रीकरण पुन्हा पाहिल्यावर त्यांचा हुंदका सापडला व आम्ही तो जोडून दिला.

सर्वांत लक्षात राहिलेले काम शिंदखेडा तालुक्यातील एका कुटुंबाचे आहे. नवरीचे सख्खे मामा जुन्या भांडणामुळे लग्नाला आले नव्हते आणि मामाशिवाय लग्न झाल्याचे दुःख नवरीच्या आईला खात होते. लग्नानंतर काही दिवसांतच दिलजमाई झाली. तेव्हा ती माउली भावाला घेऊनच दुकानात आली आणि याला कॅसेटमध्ये घ्या म्हणाली. मालकांनी मांडवाचे तेच कापड कंत्राटदाराकडून मागवले, मामांना फेटा बांधला, कापडापुढे उभे करून मंगलाष्टका लावल्या आणि त्यांना रिकाम्या जागेवर अक्षता टाकायला सांगितल्या. मामा सुरुवातीला संकोचले, पण ‘सावधान’ ऐकताच त्यांचे डोळे भरून आले. तो तुकडा आम्ही खऱ्या गर्दीच्या मधोमध बसवला. एवढे समाधान मला दुसऱ्या कोणत्याही कामाने दिलेले नाही, आणि याला कोणी खोटेपणा म्हटले तर मला ते मान्य नाही, कारण त्या अक्षता मनापासून टाकलेल्या होत्या.

आमच्याकडून साधारण 50 किलोमीटरवर असलेल्या मालेगावात शेख नासिर यांनी लग्नांचे व्हिडिओ काढण्यातूनच हात बसवला आणि पुढे गावातील माणसे घेऊन गाजलेल्या हिंदी चित्रपटांची विडंबने तयार केली. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट त्याच मंडळींवर आहे. तो पाहताना पुष्कळ युक्त्या आमच्या ओळखीच्या निघाल्या, कारण तुटपुंजी साधने आणि सिनेमाचे अपार वेड या दोन्ही गोष्टी धुळ्याच्या दुकानांतही होत्या.

अमळनेर, शिक्षिका

वरच्या दादांचा अनुभव वाचून डोळ्यांत पाणी आले. माझे निरीक्षण छोटे आहे. आपल्या रूढ मंगलाष्टका शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, ज्याच्या प्रत्येक चरणात एकोणीस अक्षरे येतात. आमच्या नात्यात नवरीच्या आत्या-मावश्या स्वतः अष्टके रचतात, त्यांत दोन्हीकडच्या आजोबा-पणजोबांपासून शेंडेफळ भाच्यापर्यंत सर्वांची नावे गुंफतात आणि ती त्या वर्षीच्या लोकप्रिय चित्रपटगीताच्या चालीवर म्हणतात. वृत्त एका वाटेने जाते, चाल दुसऱ्या वाटेने, आणि एखाद्या काकांचे दोन अक्षरी नाव चार मात्रांपर्यंत ताणले जाते. व्याकरण शिकवणारी असूनही मला हे मनापासून आवडते, कारण त्या पाच मिनिटांत घरातील बाई हातात कागद धरून सगळ्या गावासमोर आपली रचना म्हणत असते.

सुरत, मूळ गाव साक्री तालुक्यात

उधना आणि लिंबायत भागांत खानदेशी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. लग्न इथे असले तरी हळदीला बट्ट्या, तुरीचे वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी लागतेच. आमच्या लहानपणी इथल्या वरातीत हिंदी आणि गुजराती गाणी वाजत, आणि अहिराणी फक्त जात्यावरच्या ओवीत किंवा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर ऐकू येई. गेल्या काही वर्षांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या तरुणांनी अहिराणी गाण्यांची चित्रीकरणे यूट्यूबवर आणली आणि सगळे चित्र पालटले. आता शेजारचे गुजराती बंधू स्वतःहून डीजेजवळ जाऊन “पेलुं खानदेशी वगाडो” अशी फर्माईश करतात. सुरुवातीची दोन कडवी ते गरब्याच्या टाळ्यांवर फिरतात, मग आमच्या पोरांचे बघून खांदे उडवू लागतात. माझी आई घरातही शेजाऱ्यांसमोर अहिराणी बोलायला लाजत असे. मागच्या लग्नात तिनेच शेजारणींना हाताला धरून नाचात ओढले.

शहादा, शेतकरी

नाचणाऱ्या घोडीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत मोठा घोडेबाजार भरतो आणि ढोलाच्या ठेक्यावर पाय उचलणाऱ्या घोड्यांना तिथे पुष्कळ मान असतो. आमच्या पुतण्याच्या वरातीला तशीच एक घोडी आणली होती. ती ढोलावर सुरेख चालली, परंतु डीजेने मध्येच इलेक्ट्रॉनिक ठेक्याचे नवे गाणे लावताच जागीच थांबली. मालकाने चुचकारले, नवरदेवाने मान थोपटली, पण तिने पाऊल टाकले नाही. शेवटी एका म्हाताऱ्या ढोलवाल्याला पुढे बोलावले, डीजे बंद झाला, आणि घोडी तत्क्षणी नाचू लागली. त्या संध्याकाळी वरात देवळापर्यंत ढोलावरच गेली आणि डीजेवाला मुलगाही टाळ्या वाजवत सोबत चालला. घोडीची पसंती आम्हा सर्वांना पटली होती.

यावल, केळी उत्पादक

माझ्या बागेत लग्नाआधीची छायाचित्रे काढायला जळगावहून एक जोडपे आले होते. हिरव्यागार पानांच्या बोगद्यातून मुलगी पांढरा, जमिनीवर लोळणारा झगा घालून चालत येणार, अशी छायाचित्रकाराची कल्पना होती. आमच्या सालदाराने त्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगितल्या. एक, घडाला हात लावू नये, कारण सालीवर ओरखडा पडला की तो काळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. दुसरी, पानाचा देठ मोडू नये, कारण केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जन्मात निघत नाही. छायाचित्रकाराने तरीही वाट मोकळी करण्यासाठी दोन पाने मोडली. तासाभरात त्या झग्यावर तपकिरी ठिपक्यांची रांग उमटली. मुलगी मोठ्या मनाची होती. तिने रागावण्याऐवजी सालदाराच्या बायकोकडून नऊवार मागून घेतले, डोक्यावर पदर घेतला, आणि उरलेली छायाचित्रे पाटाच्या कडेला बसून काढली. लग्नपत्रिकेवर पुढे तीच छापली गेली. मला विचाराल तर सगळ्यांत देखणीही तीच होती.

एरंडोल, गृहिणी

माझे म्हणणे ध्वनिक्षेपकाविषयी आहे. गाण्यांनी उशीर होतो असे सगळे म्हणतात, पण आमच्या भागात गाणी थांबल्यावर आणि मंगलाष्टकांच्या आधी मान्यवरांचे सत्कार सुरू होतात. नाव पुकारले जाते, टोपी-रुमाल दिला जातो, आणि सूत्रसंचालक प्रत्येकासाठी चित्रपटातील संवादाच्या थाटात चार ओळी म्हणतो. त्याचा आवाज खरोखर भारदस्त असतो आणि लहान मुले त्याची नक्कल करतात, हेही मी पाहिले आहे. पण अंतरपाटाच्या दोन बाजूंना उपाशी उभ्या असलेल्या मुलामुलीकडे तेवढा वेळ कोणाचे लक्ष नसते. मागच्या वैशाखात जाऊबाईंच्या मुलीच्या लग्नात नवरीच्या आजी उठल्या, त्यांनी सूत्रसंचालकाला “भो, आते बस कर, पोर उभी शे” असे प्रेमाने सांगितले आणि ध्वनिक्षेपक स्वतःच्या हाती घेऊन पहिले अष्टक सुरू केले. मांडवातील सगळ्या बायकांनी त्यांना साथ दिली. माझ्या धाकट्या दिराचे लग्न येत्या तुळशीच्या लग्नानंतर आहे; ध्वनिक्षेपक सुरुवातीपासूनच सासूबाईंकडे राहील, असे आम्ही घरात ठरवले आहे आणि सत्कार पंगतीनंतर ठेवले आहेत.