डार्विन : समुद्र आहे, पण पोहायचं नाही. मग जायचं कशाला?

नाईटक्लिफकर :
पर्थच्या प्राजक्ताताईंचा 'डार्विनला पैसे वाया घालवू नका' हा लेख वाचला आणि राहवलं नाही. डार्विन म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं आमचं शहर. त्यांची तक्रार काय, तर समुद्रात पाय घालता येत नाही, उकाड्याने जीव जातो आणि संध्याकाळी शहर ओस पडतं. गेल्या कधी? नाताळात! ऐन जुलैत तारकर्लीला जाऊन 'होड्या बंद आहेत हो' म्हणण्यातला प्रकार झाला हा.

मे ते सप्टेंबर इथे पाऊस जवळजवळ नसतोच, रात्री पारा 20 च्या आसपास असतो. त्या दिवसांत घरात कोण बसतंय? गुरुवारी आणि रविवारी मिंडिल बीचचा बाजार. लोक घरून खुर्च्या आणून वाळूवर मांडतात आणि सूर्य समोर समुद्रात बुडताना बघतात. शनिवारी सकाळी पॅरापच्या बाजारात लाक्सा, म्हणजे नारळाच्या दुधातलं तिखट नूडल्सचं सूप. रात्री बंदराकाठी उघड्यावरचा डेकचेअर सिनेमा. पोहायचंय? बेरी स्प्रिंग्ज आहे, लिचफील्ड राष्ट्रीय उद्यानातलं ब्युली रॉकहोल आहे. समुद्रात मगरी बारमाही आणि ऑक्टोबर ते मे विषारी बॉक्स जेलीफिश, हे कुणी लपवलेलं नाही, किनाऱ्यांवर पाट्या आहेत. समुद्राचा उपयोग फक्त डुंबायला, हे कुणी ठरवलं?

पर्थची_प्राजक्ता :
मुलांना मोठी सुट्टी नाताळातच असते. जुलैत गेलं तर हॉटेलचे दर बघून डोळे पांढरे होतात. आणि लिचफील्डचं मला सांगू नका! वांगी धबधब्यापाशी पोचलो तर पोहायला बंदी, पाणी वाढलंय, मगर आत आली असेल म्हणून. भाड्याच्या गाडीला दिवसाला 100 किमीची मर्यादा, जाऊन-येऊन 200 च्या वर झाले. ते पैसे कोण देणार?

ठाणेकर_संजय :
उकाड्याचं कौतुक आम्हाला नको. मे महिन्यात लोकलने प्रवास केलेल्याला डार्विन काय करणार?

नाईटक्लिफकर :
संजय, एकदा नोव्हेंबरात या. ढग रोज दाटतात, गडगडतात आणि न बरसता जातात. आंघोळ करून टॉवेल ठेवेपर्यंत पुन्हा घाम. मग बोलू.

हिंगजिरे :
किनाऱ्यावरच्या फुकट शेगड्यांचं कुणीच कसं लिहिलं नाही? डार्विनच्या नाईटक्लिफ उपनगरात ओळीने आहेत. बटण दाबलं की स्टीलचा तवा तापतो, थोड्या वेळाने आपोआप बंद होतो, पुन्हा दाबायचं. आम्ही पनीर आणि कणसं भाजली. मजा आली.

सदाशिव_पुणे :
त्याच तव्यावर आधी कुणीतरी गोमांस भाजलेलं असणार. तुम्हाला चालतं, आनंद आहे. आम्हाला नाही चालत.

हिंगजिरे :
ॲल्युमिनियमची फॉइल अंथरली होती. आणि कुणाला काय चालतं ते विचारलं नव्हतं.

पेणकर :
काका, पनीर भाजायला ऑस्ट्रेलियात जायचं? तिथला बारामुंडी म्हणजे आपला जिताडा, अगदी तोच मासा. पेणच्या खाडीतला जिताडा आता मिळेनासा झाला आणि मिळाला तर भाव ऐकून माणूस परत फिरतो. डार्विनला मावसभावाकडे गेलो तेव्हा त्याच तव्यावर आगरी मसाला लावून तुकड्या टाकल्या. शेजारचं गोरं कुटुंब ताट घेऊन उभं राहिलं. निघताना तवा पुसून दिला, कारण आधीच्यांनीही पुसून ठेवला होता.

सदाशिव_पुणे :
पुसल्याने तो शाकाहारी होत नाही. वेगळी शेगडी ठेवायला काय हरकत आहे, एवढंच म्हणणं आहे.

पेणकर :
फुकटच्या शेगडीवर आरक्षण मागताय, धन्य आहात.

गडकिल्लेवाला :
शेगडी पुरे. मूळ प्रश्नावर माझं मत प्राजक्ताताईंच्या बाजूने. तिथे जुनं असं बघायला काय आहे? सगळं कालपरवा बांधल्यासारखं.

नाईटक्लिफकर :
जुनं राहील कुठून? 19 फेब्रुवारी 1942 ला जपानी विमानांनी बंदर आणि शहर भाजून काढलं. सावरलं, तर 1974 च्या नाताळात ट्रेसी वादळाने बहुतेक घरं जमीनदोस्त केली, निम्म्याहून जास्त लोकांना विमानांनी बाहेर न्यावं लागलं. आमच्या शेजारच्या आजी त्या रात्री न्हाणीघरात बसून वाचल्या. छप्पर गेलं, त्या गेल्या नाहीत. ही माणसं परत येऊन इथेच किनाऱ्यावर संध्याकाळी बसतात. त्यांच्या शहराला 'ओस' म्हटलेलं मला लागतं.

पर्थची_प्राजक्ता :
आजींबद्दल आदर आहे. बाजार आणि सिनेमा मान्य, जुलैत गेले तर बघेन. पण समुद्राकाठच्या शहरात मुलांना लाटा हव्या तर बंदराकाठच्या वॉटरफ्रंट भागातल्या तलावात कृत्रिम लाटांसाठी तिकीट काढायचं, हे मला पटणार नाही.

नाईटक्लिफकर :
त्याच्या शेजारी जाळी लावलेला खाऱ्या पाण्याचा तलाव आहे. तो फुकट आहे.

पर्थची_प्राजक्ता :
तेवढं लेखात घालते. शीर्षक बदलणार नाही.