प्रेक्षागॅलरीसाठी गॅल्व्हनाइज्ड लोखंड: साइटवरचे वेल्डिंग चालेल का?

पांझराकाठ (धुळे): नमस्कार. आमच्या गावच्या कबड्डी मैदानासाठी ५०० प्रेक्षकांची पत्र्याच्या छताची गॅलरी उभारायची आहे. तयार जीआय (गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप आणून जागेवरच वेल्डिंग करावे आणि सांध्यांना सिल्व्हर रंग द्यावा, असे ठेकेदार सुचवतात. आपल्याकडे हवा कोरडी असल्याने एवढे पुरेसे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गिरणाथडी: हवेबद्दल त्यांचे म्हणणे बरोबर आहे, खान्देशात जस्ताचा थर कोकणापेक्षा कितीतरी सावकाश झिजतो. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने नेमके सांध्याभोवतीचे जस्त जळून जाते आणि ज्या ठिकाणी सर्वांत जास्त भार येतो, तेच लोखंड उघडे पडते. सिल्व्हर रंग अ‍ॅल्युमिनियमचा असतो. जस्त स्वतः झिजून शेजारच्या लोखंडाला वाचवते, तसे तो करत नाही. म्हणून कापणे, भोके पाडणे आणि वेल्डिंग ही सर्व कामे आधी कारखान्यात उरकावीत, मग तयार भाग सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून घ्यावेत आणि मैदानावर फक्त गॅल्व्हनाइज्ड नट-बोल्टने जोडावेत. आयएस ४७५९ या भारतीय मानकानुसार ५ मिमी व त्याहून जाड लोखंडावर प्रति चौरस मीटर किमान ६१० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन, जस्त हवे; माल उतरवतानाच जाडी मापकाने तपासून घ्यावी. कैचीचे (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचे) आराखडे काढण्यापूर्वी कारखान्याच्या जस्ताच्या टाकीची लांबी अवश्य विचारा, कारण प्रत्येक भाग तिच्यात मावायला हवा. बंद पाइपला दोन्ही टोकांना भोके ठेवणे तर अनिवार्यच आहे, कारण आत अडकलेल्या पाण्याची टाकीत क्षणात वाफ होऊन स्फोट होऊ शकतो आणि त्यात कामगारांच्या जिवाला धोका असतो.

चाळीसगावकर: आमच्या शाळेच्या गॅलरीत हीच चूक झाली होती. दुसऱ्या पावसाळ्यात पाइप चकचकीत होते, पण प्रत्येक सांध्यातून तांबूस ओघळ उतरू लागले होते. बैठकीच्या फळ्यांना पाण्यासाठी उतार नसल्याने त्यांच्या खालचे सांधे सर्वांत आधी गंजले. आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो: जस्ताचे थेंब गोठून कठड्यावर टोकदार काटे राहतात, ते घासून काढून घ्या, कारण तिथे लहान मुले हात ठेवतात.

तापीतीर: उन्हाचाही हिशोब धरावा. २४ मीटर लांबीचे लोखंड पहाटेच्या १० अंशांपासून मे महिन्यातल्या ६० अंशांपर्यंत तापले, तर सुमारे १४ मिमी वाढते. म्हणून एका टोकाला बोल्टसाठी लांबट भोके ठेवावीत, म्हणजे लोखंडाला सरकायला जागा मिळते.

पांझराकाठ (धुळे): सर्वांचा आभारी आहे. एखादा सांधा जागेवरच जोडणे अपरिहार्य ठरले, तर काय करावे?

गिरणाथडी: सांध्याभोवतीचे जस्त आधी घासून काढावे, कारण त्याच्या धुराने वेल्डरला थंडी वाजून ताप येतो. नंतर जागा स्वच्छ करून जस्ताचे प्रमाण भरपूर असलेला, म्हणजे झिंक-रिच, रंग लावावा.